तालमीतल्या पोरांशी इंजेक्शनबद्दल कसं बोलावं?

लाल माती, सोलापूर
मी पहाटे सव्वापाचला तालमीत पोरं घेतो. चौदा जण, बारा ते सतरा वयाचे. कुणाचा बाप टॉवेलच्या कारखान्यात, कुणाची आई विड्या वळते. गेल्या सोमवारी न्हाणीमागे काचेची रिकामी बाटली सापडली. अंगठ्याएवढी, रबरी बुचाला सुईची भोकं. लेबल खरवडलेलं, 'मेफेन' एवढंच वाचता आलं.

कुणाची ते विचारलं नाही. सगळ्यांना बसवून अर्धा तास बोललो. मारुतीची शपथ, लंगोटाची इज्जत, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत मिळवलेलं ब्राँझ, सगळं सांगितलं. पोरं माना डोलवत होती. एक जण मात्र अंगठ्याने माती उकरत होता, त्याने वर बघितलंच नाही. कुणी पोरांना हे शिकवलंय का? काय बोललात?

औषधवाला, सात रस्ता
वस्ताद, ते मेफेंटरमिन असणार. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो वर आणायला देतात. धडधाकट पोराने टोचलं की छाती धडधडते, झोप उडते, दम लागत नाही असं वाटतं. सवयही लागते. स्पर्धेत तर त्यावर बंदीच आहे. आमच्याकडेही येतात पोरं, "काका, भरतीला १६०० मीटर पळायचंय" म्हणत. आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, पण देणारे आहेत. भाषण राहू द्या, आधी तो पोरगा शोधा आणि त्याला डॉक्टरकडे न्या.

पूर्वी ७४ किलो, मोहोळ
मी घेतलंय, म्हणून लिहितो. जबरदस्ती कुणी केली नव्हती. जत्रेत पाठ लागली की वडिलांनी बदाम-तुपावर घातलेला पैसा डोळ्यापुढे यायचा. २०१६ ला पैलवान नरसिंग यादव उत्तेजकाच्या चाचणीत सापडला, त्याचं रिओ ऑलिम्पिक हुकलं, चार वर्षांची बंदी लागली. खाण्यात कुणीतरी मिसळलं असं तो सांगत होता, क्रीडा लवादाने ते मानलं नाही. ते ऐकून आमची तालीम आठवडाभर गप्प होती. मग पुन्हा सुरू. गावच्या जत्रेत लघवी कोण तपासतंय?

राग मानू नका, एक विचारतो. तुमच्या सगळ्या पोरांची जन्मतारीख खरी आहे का?

लाल माती, सोलापूर
दोन दिवस लिहायला हात धजला नाही. नाही, खरी नाही. गेल्या वर्षी पंधराखालच्या गटात उतरवायला एकाचं वय दीड वर्षाने कमी दाखवलं. वजनाला नेताना गाडीवर मागे बसवून मीच त्याला म्हणालो, "कुणी विचारलं तर तीच तारीख सांग." बाकीच्यांना ते माहीत आहे. त्यांच्यासमोर मी लंगोटाची इज्जत सांगत होतो.

काल पोरांना बसवून हे सगळं कबूल केलं. त्या पोराचं नाव त्या गटातून काढलं. संध्याकाळी त्याची आई आली, "म्हणजे यंदा पदक नाही का ओ?" नाही म्हणालो. ती काही न बोलता गेली, ते अजून टोचतंय.

आज तालीम सुटल्यावर माती उकरणारा पोरगा मागे थांबला. बाटली त्याची नाही, पण कुणाची ते त्याला ठाऊक आहे. नाव विचारलं नाही. म्हटलं, त्याला घेऊन ये, तिघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. काका, हृदयाचा आलेख सिव्हिलला निघेल का?

औषधवाला, सात रस्ता
निघेल. सकाळी ओपीडीत जा, उपाशी राहायची गरज नाही. किती दिवस आणि किती घेतलं ते डॉक्टरांना पोराच्याच तोंडून सांगू द्या. तुम्ही बाहेर बाकावर थांबा.