मदत हवी आहे: छोट्या लॅबमध्ये पॅप स्मिअरच्या कामाचा दर्जा कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. हडपसरला आमची छोटी लॅब आहे, महिन्याला जेमतेम दीडशे पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या स्लाइड) येतात. गेल्या महिन्यात एका ताईंच्या बायोप्सीत हाय ग्रेड, म्हणजे कर्करोगाआधीचे गंभीर बदल निघाले. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांची स्लाइड निगेटिव्ह दिली होती. कपाटातून काढून पुन्हा पाहिली, तर अगदी कडेला, रक्ताच्या थरात, गडद केंद्रकांच्या आठ-दहा पेशी. तेव्हापासून नीट झोप नाही.

अमेरिकेत निगेटिव्हपैकी किमान १०% स्लाइड पुन्हा तपासतात. हाय ग्रेड निघालं की त्याच बाईंच्या मागच्या ५ वर्षांच्या निगेटिव्ह स्लाइडही. हे आम्ही सुरू केलंय. पण ‘एस्कस’ (नक्की सांगता न येणाऱ्या, संशयास्पद पेशी) आणि ‘सिल’ (कर्करोगाआधीचे स्पष्ट बदल) यांचं प्रमाण, म्हणजे एका सिलमागे एस्कस, ३ च्या आत असावं म्हणतात; आमच्याकडे सिल महिन्याला दोन-तीनच, एका केसने आकडा कुठल्या कुठे जातो. वर्षाचा एकत्र काढावा का? की बायोप्सीशी ताळा हाच खरा निकष? त्या रिपोर्टांसाठी दवाखान्यांत खेपा घालते, निम्मे मिळतच नाहीत.

लहान लॅबवाल्यांनो, तुम्ही काय करता? आणि दरमहा वीसेक स्लाइड अदलाबदल करून तपासायला पुण्यातलं कुणी तयार आहे का? मी स्वतः आणून देईन.