मदत हवी आहे : नाटकाच्या पोस्टरवर फाटलेल्या फोटोची कड खरी वाटत नाही (गिंप २.१० हे फोटोचं सॉफ्टवेअर)

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या एका खेड्यात राहतो. धानाची शेती आहे आणि उरलेल्या वेळात घरीच लग्नपत्रिका, बॅनर, पोस्टर यांचं डिझाइन करतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागतो, तो पार होळीपर्यंत चालतो. यंदा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री आमच्या गावातल्या मंडळानं नाटक ठेवलं आहे आणि पोस्टर माझ्याकडे आलं आहे. नेहमीसारखे बारा चेहरे गोलात बसवून देता आले असते, पण या वेळी मला तसं करायचं नाही.

नाटक धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं आहे. हातभर धुऱ्यावरून दोन सख्ख्या भावांत फाटतं. म्हणून पोस्टरभर एकच फोटो घ्यायचा असं ठरवलं : दोघं भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि फोटो मधोमध वरपासून खालपर्यंत टरकन फाटलेला. बस. बाकी नाव, तारीख, तिकीट खाली.

आता अडचण. पोस्टर २० × ३० इंच आहे. मी आधी १०८० × १६२० पिक्सेलच्या फाइलवर काम केलं. फ्री सिलेक्टनं नागमोडी रेघ मारली, सिलेक्ट मेनूतलं डिस्टॉर्ट चालवून ती खडबडीत केली, त्याचा लेयर मास्क (चित्राच्या थराचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारं झाकण) केला, खाली ड्रॉप शॅडो दिली. मोबाइलवर पाठवलं तर मंडळातले सगळे खूश. मग फाइल ताणून ४००० × ६००० केली आणि छापायला दिली. नमुना हातात आला तेव्हा पोटात गोळा आला. कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. हिशोब केल्यावर कळलं, ६ पिक्सेलचा दात ताणून २२ पिक्सेलचा झाला होता, म्हणजे कागदावर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर. हे माझंच चुकलं.

दुसऱ्यांदा सुरुवातीपासूनच ४००० × ६००० वर केलं. दात बारीक झाले, पण आता कड कापलेल्या थर्मोकोलसारखी दिसते. वरपासून खालपर्यंत एकसारखी. फ्लेक्सवाल्या मित्राकडे कोरलमधला कड खडबडीत करणारा रफन ब्रश फिरवून पाहिला, त्यानं करवतीचे दात काढून दिले. फोटोशॉपचं टॉर्न एजेस फिल्टरही कृपया सुचवू नका. तेही पाहिलं, ते नुसती कड फाडत नाही, अख्खं चित्रच दोन रंगांत करून टाकतं.

शेवटी काल एक वाया गेलेला ४ × ६ चा प्रिंट घेतला, हातानं फाडला आणि अंगणात उन्हात धरून पाहत बसलो. फाटलेल्या जागी रंगाचा थर आधी संपतो आणि त्याच्या पुढे पांढरा कागद उघडा पडतो. ही पांढरी पट्टी कुठे केसाएवढी, कुठे तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. एका जागी रंगाचा थर जिभेसारखा सोलून निघाला होता. पांढऱ्याच्या टोकाला कापसासारखे तंतू. आणि मुख्य म्हणजे ही पट्टी एकाच तुकड्यावर होती, दुसऱ्या तुकड्याची पांढरी बाजू मागे गेली होती.

तर विचारायचं हे की हे सगळं गिंपमध्ये कसं आणावं? लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे, फार लेयर झाले की अडतो. नाटकाला बारा दिवस उरले आहेत.

प्रतिसाद

भाऊ, तुमचं अर्धं काम तुम्ही अंगणातच केलं आहे. मी यवतमाळकडची, शाळेत चित्रकला शिकवते, मुलांकडून कागद फाडून चिकटचित्रं करून घेते, म्हणून सांगते.

फिल्टरची कड खोटी वाटते कारण ती एकच रेघ असते आणि तिचा खडबडीतपणा एकाच मापाचा असतो. खऱ्या फाटीत दोन रेघा असतात, एक रंग संपतो तिथली आणि एक कागद संपतो तिथली. दोघी शेजारून चालतात पण एकमेकींची नक्कल करत नाहीत. शिवाय मोठी वळणं हाताच्या ओढीची आणि बारीक दाते तंतूंचे. वर्तमानपत्र उभं फाडून पाहा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. कागदातले तंतू एका दिशेनं लागलेले असतात, त्याचा हा परिणाम.

म्हणून कड काढत बसू नका, फाडा आणि स्कॅन करा. ४ × ६ च्या कागदावर नुसता गडद निळा रंग छापून घ्या. फोटो घेऊ नका, त्यातले केस-सावल्या नंतर निवडताना त्रास देतात. तो ६ इंचाच्या बाजूनं फाडा. ज्या तुकड्यावर पांढरी पट्टी आली तो स्कॅनरवर ठेवा आणि वरून काळा कागद. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केलं की ६ इंचाचे ७२०० पिक्सेल मिळतात, तुम्हाला ६००० लागतात. आता एकाच स्कॅनमध्ये निळा, पांढरा, काळा असे तीन भाग आहेत. सिलेक्ट बाय कलरनं निळा घ्या, तो फोटोच्या लेयरचा मास्क. काळा घेऊन सिलेक्शन उलटं करा, तो खालच्या पांढऱ्या कागदाचा मास्क. पांढऱ्या लेयरमध्ये सपाट पांढरा भरू नका, स्कॅनमधलाच पांढरा ठेवा, त्यात तंतूंच्या सावल्या आहेत.

तंतू पाचपट मोठे दिसतील म्हणून घाबरू नका. पोस्टर भिंतीवर असतं, माणूस सायकलवरून पाहतो. १ मिलिमीटरची पट्टी त्याला दिसणारच नाही, ५ मिलिमीटरची दिसेल. सावली मात्र अगदी जवळ आणि हलकी द्या, कागद भिंतीला चिकटलेला वाटला पाहिजे, तरंगणारा नको.

धागाकर्ता

ताई, खूप खूप आभार. करून पाहिलं आणि जमलं.

स्कॅनर माझ्याकडे नाही, वडशाला झेरॉक्सवाल्याकडे जाऊन केलं. सात तुकडे फाडून नेले होते, त्यातला चौथा कामी आला. कोणी करणार असेल तर दोन गोष्टी सांगतो. काळा कागद चकचकीत घेऊ नका, माझ्या पहिल्या स्कॅनमध्ये तो राखाडी आला आणि कडेचे तंतू त्यातच हरवले. काळ्या ड्रॉइंग पेपरनं काम झालं. आणि सिलेक्ट बाय कलरचा थ्रेशोल्ड (किती जवळच्या छटा निवडायच्या ते माप) सुरुवातीला खूप ठेवला होता, त्यानं निळ्याच्या काठचा फिकट भागही गिळला. कमी करत करत आणल्यावर सोललेली जीभ जशीच्या तशी आली. मास्क झाल्यावर स्कॅनचा मोठा लेयर छाटून टाकला, तेव्हा लॅपटॉपही मोकळा झाला.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. पांढरी पट्टी एकाच तुकड्यावर येते, मग ती कोणत्या भावाच्या बाजूला ठेवायची? मंडळात यावर काल रात्री बराच वेळ बोलणं झालं. दिग्दर्शक म्हणाले, थोरल्याच्या बाजूला. नाटकात धुरा धाकटा कोरतो, पण आतून सोलला जातो तो थोरला. तसंच ठेवलं. धाकट्याच्या बाजूची कड साफ आहे, त्याचा पांढरा भाग मागे आहे, दिसत नाही.

दुसरा नमुना आज दुपारी आला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून रस्त्याच्या पलीकडून पाहिला. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी आई थांबली, जवळ गेली आणि फाटलेल्या जागेवर बोट फिरवून म्हणाली, "कोनं फाडलं बा हे?" पोस्टर छापायला दिलं आहे.