मिर्टाझापिन: झोपेची गोळी की डिप्रेशनची?

सातपूरची सून:
सासरे गेल्यापासून सासूबाईंचं (वय ६८) जेवण सुटलंय. पहाटे उठून बसतात. गंगापूर रोडच्या मानसोपचार डॉक्टरांनी मिर्टाझापिन साडेसात मिलिग्रॅम रात्री दिलीय. डिप्रेशनचीच गोळी आहे म्हणाले. पण त्या सकाळी उशिरापर्यंत पेंगतात, मात्र दुपारी भाकरी मागून घेतात. ही नेमकं करते काय? सवय लागेल का?

सिडकोकर:
माझ्या वडिलांना हीच होती. वजन वाढतं ताई, लक्ष ठेवा.

फार्माकॉलॉजीवाली:
ताई, मी हा विषय शिकवते. सेर्ट्रालिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्या सुटलेलं सेरोटोनिन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन) पेशीत परत शोषलं जाणं अडवतात. मिर्टाझापिनचा मार्ग वेगळा. मेंदूतल्या पेशींवरचे अल्फा-२ रिसेप्टर (रिसेप्टर म्हणजे अशी रसायनं जिथे चिकटतात ती जागा) ‘आता पुरे’ असा निरोप देतात. ही गोळी तेच अडवते, म्हणून नॉरअॅड्रेनालिन (असंच दुसरं रसायन) आणि सेरोटोनिन दोन्ही जास्त सुटतात. सेरोटोनिनचा ५-एचटी३ रिसेप्टरही अडतो, त्यामुळे मळमळ कमी.

झोप मुख्यतः हिस्टामिन या जागं ठेवणाऱ्या रसायनाचा एच१ रिसेप्टर अडल्यामुळे येते, सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी येते तशी. भूक वाढण्यातही त्याचा हात आहे. कमी डोसला हाच परिणाम वरचढ. उदासीसाठी नेहमीचा डोस १५ ते ४५ मिलिग्रॅम, म्हणून डॉक्टरांनी पुढे वाढवला तर घाबरू नका. औषध निम्मं उतरायलाच २० ते ४० तास लागतात, सकाळची पेंग त्यामुळेच. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, या वयात पडणं फार महागात जातं.

झोप-जेवण आधी सुधारतं, मन सावरायला काही आठवडे लागतात. कळकळीने सांगते, ‘जेवतायत, म्हणजे बऱ्या झाल्या’ असं समजून गोळी बंद करू नका. घबराटीवरच्या अल्प्राझोलामसारखी सवय लागत नाही, पण एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, अस्वस्थपणा येतो. ताप आणि घसा दुखू लागला तर लगेच डॉक्टरांना कळवा. क्वचित या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

सातपूरची सून:
खूप आभार ताई. गुडघेदुखीसाठी त्या ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी घेतात, हे तिथे सांगायचं राहिलं.

फार्माकॉलॉजीवाली:
रात्रीच्या गोळीआधी, आजच डॉक्टरांना फोन करा. ट्रामाडॉलही सेरोटोनिन वाढवतं, दोन्ही मिळून ते प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. थरथर, खूप घाम, ताप, बेचैनी किंवा गोंधळल्यासारखं दिसलं तर थेट इस्पितळात न्या. आणि ट्रामाडॉल रोजची असेल तर तीही मनाने बंद करू नका.