मदत हवी आहे: कॅनडाचा १९९६ चा 'प्रादेशिक नकाराधिकार' खासदारालाही बांधतो का?

कॅनडातल्या सेनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) सुधारणेवर एका अभ्यासगटात बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये.

२०१४ चा सुप्रीम कोर्टाचा सल्ला वाचून झालाय: सेनेट बरखास्त करायची तर दहाही प्रांतांची संमती हवी, सेनेटरांची निवडणूक किंवा मुदत आणायची तर किमान सात प्रांत आणि निम्मी लोकसंख्या. इथवर ठीक. पण १९९६ चा कायदा म्हणतो की क्वेबेक, ऑन्टारिओ, ब्रिटिश कोलंबिया, किमान दोन प्रेअरी प्रांत (मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा यांपैकी) आणि किमान दोन अटलांटिक प्रांत, तेही आपापल्या भागाची निम्मी लोकसंख्या भरेल असे, आधी राजी झाल्याशिवाय केंद्रीय मंत्र्याने या दुसऱ्या प्रकारच्या घटनादुरुस्तीचा ठराव मांडायचाच नाही. वहीत प्रांतांचा तक्ता काढला तेव्हा लक्षात आलं, प्रेअरीची निम्मी लोकसंख्या अल्बर्टाशिवाय भरतच नाही. म्हणजे नाव न घेता अल्बर्टालाही नकाराधिकार!

आता अडचण. कायद्यात शब्द 'मंत्री' आहे. संविधानाच्या ४६ व्या कलमानुसार मात्र प्रक्रिया सेनेट, हाउस ऑफ कॉमन्स (कनिष्ठ सभागृह) किंवा प्रांतिक विधिमंडळही सुरू करू शकतं. दोन्ही मूळ मजकूर ताडून पाहिले, त्यामुळे 'कायदा वाचा' हे उत्तर नको. आपल्या घटनादुरुस्तीच्या ३६८ व्या कलमाशी तुलनाही तूर्त बाजूला ठेवलीये, तिथे असला साधा कायदा आड येत नाही. क्वेबेकचं राजकारणही नको, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल.

तर मंत्री नसलेल्या खासदाराने ठराव मांडला, तर ही अट लागू होते का? आणि यावर एखाद्या कोर्टाने थेट काही म्हटलंय का?