दाखल्यावर ज्ञानेश्वर टाकू की ज्ञानू?

गंगाखेडहून विचारतोय. बारशाला आत्यानं लेकराच्या कानात ‘ज्ञानेश्वर’ म्हटलं, अन् पाठीत धपाटे खाल्ले. पण दीड महिन्यात त्याचा ‘ज्ञानू’ झालाय. बायको म्हणते, दाखल्यावरही ज्ञानूच टाका. आई रुसून बसलीय.

— लांबच टाका भाऊ. माझं कागदोपत्री नाव ‘बाळू’. पन्नाशी आली, बँकेतली पोरगी अजून म्हणते, “काका, खरं नाव सांगा.”

— गंगाखेडचे ना? तुमच्या जनाबाई अभंगात ‘जनी’च की!

— घाई काहून? जन्मनोंद 21 दिवसांत करा, नाव नसलं तरी होते. नाव 12 महिन्यांपर्यंत फुकट, मग 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं.

— नोंद केलीय, रकाना रिकामाच आहे. आईला सांगतो. आत्ताही ती पाळणा हलवत “ज्ञान्या, झोप रे” म्हणतीय.