एकतर्फी मॅचमध्ये मेन पोरांना नक्की कधी बसवायचं? (१४ वर्षांखालील)

लालमाती_कोच:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका शाळेच्या १४ वर्षांखालच्या फुटबॉल टीमला शिकवतो. सध्या शालेय स्पर्धा चालू आहेत, पाऊस, चिखल, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत जोड्या अशा पडतात की एका बाजूला रोज सकाळी प्रॅक्टिस करणारी पोरं आणि दुसऱ्या बाजूला स्पर्धेच्या आधी आठवडाभर गोळा केलेली टीम. हाफटाइमला ४-० वगैरे सहज होतं. माझ्याकडे १६ पोरं आहेत, त्यातली पाच बाकड्यावरची, ती पण रोज तेवढीच पळतात. त्यांना खेळवायचं हे पक्कं आहे, प्रश्न कधी एवढाच. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच बदल केले तर भीती वाटते की मॅच फिरेल. परवाच शेजारच्या मैदानावर बघितलं, एका टीमनं चार गोल झाल्यावर एकदम पाच पोरं बदलली आणि बघता बघता ४-३ झालं, मग बिचारे सर बाहेरून घसा बसेपर्यंत ओरडत होते. आणि शेवटच्या पाच मिनिटांत बदलावं तर त्या पोराचा बुटाला चिखल लागेपर्यंत शिट्टी वाजते.

त्यात पालक. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला तेव्हापासून इथं प्रत्येकाला वाटतं आपल्या पोरानं प्रत्येक मॅचला हॅटट्रिक मारली की कुणीतरी बघणार. फॉरवर्डला काढलं की त्याचे वडील थेट टचलाइनवर येतात. तुम्ही लोक काय बघून ठरवता? गोल किती, वेळ किती उरला, की अजून काही?

पेठेतला_हाफ:
सर, गोल मोजून ठरवू नका, समोरची टीम हाफलाइन ओलांडून किती वेळा येतेय ते मोजा. ३-० असून त्यांचा एक पोरगा वाऱ्यासारखा पळत असेल आणि दर पाच मिनिटाला तुमच्या किपरला डाइव्ह मारायला लागत असेल तर ती मॅच अजून चालू हाय. आणि २-० असून पण त्यांचा बॉल गोलकिकच्या पुढं जात नसेल तर मॅच संपल्यात जमा. मी तरी हाफटाइमच्या आधीची दहा मिनिटं फक्त हेच बघतो.

दुसरं, एकदम पाच बदलायचे नाहीत. तुम्ही सांगितलेल्या त्या टीमचं तेच झालं असणार. बाकड्यावरून आलेल्या पोराला दोन्ही बाजूला ओळखीचा खेळाडू पाहिजे, नाहीतर बॉल आला की कुणाला द्यायचा तेच कळत नाही. हाफटाइमला दोन बदला, आठ-दहा मिनिटं बघा, मग अजून दोन. किपर, एक स्टॉपर (गोलपुढचा मधला बचाववाला) आणि मधला हाफ (मैदानाच्या मधोमध खेळणारा) हे तीन सगळ्यात शेवटी. मधला कणा जाग्यावर असला की बाजूला नवीन पोरं असली तरी टीम सांडत नाही. पहिला बाहेर काढायचा तो फॉरवर्ड, त्याला दोन कारणं हायत, एक म्हणजे गोल तोच मारतोय आणि दुसरं म्हणजे समोरचे वैतागलेले स्टॉपर लाथ त्यालाच घालणार. त्याच्यानंतर ज्याला यलो कार्ड मिळालंय तो. ६-० पुढं असताना पोरगा दुसरं यलो खाऊन बाहेर गेला आणि पुढच्या मॅचला मुकला तर त्याचं उत्तर कुणी द्यायचं?

आणि एक, तुमची स्पर्धा बाद पद्धतीची असेल तर गोल फरकाचा (मारलेले वजा खाल्लेले) प्रश्नच येत नाही, ४-० नं जिंका नाहीतर ११-० नं, पुढची फेरी तीच.

गोल_फरक_११:
बाद पद्धतीत ठीक आहे. पण अकॅडमी लीगमध्ये ग्रुप असतात आणि पॉइंट सारखे झाले की गोल फरकच बघतात. तिथे पाचव्या गोलनंतर थांबलात आणि शेवटी एका गोलनं ग्रुपमधून बाहेर पडलात तर पोरांना काय सांगणार? आपण दयाळू होतो म्हणून? माझं स्पष्ट मत आहे की नियम असेल तर नियमाप्रमाणे खेळायचं, आयोजकांना नको असेल तर त्यांनी फरक पाच-सहा गोलांपर्यंतच धरायचा असं आधी जाहीर करावं. तो बोजा कोचवर टाकू नये.

किपरची_आई:
मी दुसऱ्या बाजूचं लिहिते. आमची टीम बऱ्याचदा हरणारी असते आणि माझा मुलगा किपर आहे. मागच्या एका मॅचला आठवा गोल झाला तेव्हा तो जाळीतून बॉल काढून आला, ग्लोव्हजचा चिखल जर्सीला पुसला आणि परत खाली वाकून उभा राहिला. गोल खाल्ल्यानं तो खचला नव्हता. पण त्यानंतर समोरच्या सरांनी बाहेरून सांगितलं की आता गोल नका मारू, नुसते पास खेळा, आणि ती मुलं रिंगण करून आमच्या मुलांना मधे पळवत बसली, बाहेरचे प्रत्येक पासला मोठ्यानं मोजत होते. तेव्हा मात्र आमची दोन मुलं मैदानातच रडली. तर कृपा करून हे करू नका. दुसरी मुलं उतरवा आणि त्यांना खरं खेळू द्या, त्यांचा एखादा गोल झाला तर आम्हाला वाईट वाटत नाही, आमच्या मुलांना कळतं की हा पण नवीन आहे, आणि त्या वीस मिनिटांत आमच्याही मुलांना बॉलला पाय लावायला मिळतो.

बदलीच्या खेळाडूंसाठी म्हणून नाही तर समोरच्या टीमसाठी म्हणून सुद्धा हाफटाइमलाच बदला. शेवटच्या पाच मिनिटांत बदललंत तर आमच्यासाठी तो सगळा खेळ होऊन गेलेला असतो.

फिजिओ_सांगली:
थोडं शरीराचं बोलतो कारण विश्रांती म्हटलं की सगळे स्कोअरच बघतात. १२-१४ वय हे उंची झपाट्यानं वाढायचं वय, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जिथं स्नायूचा ताण येतो तिथं दुखायला लागतं, ऑसगुड श्लाटर म्हणतात त्याला. माझ्याकडे येणाऱ्यांत जास्त करून टीमचे मेन खेळाडू असतात कारण तेच सगळ्या मॅच पूर्ण खेळतात, शाळेची पण, अकॅडमीची पण, गल्लीतली पण. चिखलाचं मैदान असेल आणि परत दुसऱ्याच दिवशी मॅच असेल तर ४-० ची आघाडी म्हणजे त्या पोराला मिळालेली फुकटची विश्रांती आहे, ती घ्या. दुखतंय का असं विचारलं तर कुणीच हो म्हणत नाही, सगळ्यांना खेळायचं असतं. म्हणून विचारू नका, बघा. किक मारल्यावर पाय टेकवताना लंगडतोय का, पळून आल्यावर हात गुडघ्याखाली जातो का.

डॅलसकर:
मी टेक्सासमध्ये असतो, मुलगा इथला फुटबॉल खेळतो, म्हणजे हेल्मेट घालून हातात बॉल घेऊन पळायचा तो. खेळ वेगळा पण तुमचा प्रश्न इथे दर शुक्रवारी येतो. बऱ्याच राज्यांत हायस्कूलला ३५ पॉइंटचा फरक पडला की दुसऱ्या हाफमध्ये घड्याळ जवळपास न थांबता चालवतात, म्हणजे मॅच लवकर आटपते. कनेक्टिकटमध्ये २००६ साली त्याच्याही पुढे गेले होते, ५० पॉइंटपेक्षा जास्त फरकानं जिंकलं तर कोचला एका मॅचची बंदी. नंतर त्यांनी पण ते सोडून घड्याळाचाच मार्ग धरला. मला तो बंदीचा नियम कधी पटला नाही कारण शिक्षा शेवटी दुसऱ्या फळीच्या मुलांना होते, वर्षभर प्रॅक्टिस करून एकदाचा उतरलेला मुलगा आणि त्याला सांगायचं की पॉइंट मिळवू नकोस.

गोल_फरक_११ यांना: इंग्लंडमध्ये ११ वर्षांपर्यंतच्या मुलांचे स्कोअर छापतच नाहीत, आणि काही लीगमध्ये चार गोलांनी मागे पडलेल्या टीमला एक जादा खेळाडू मैदानात उतरवू देतात. तुमचं बरोबर आहे, आयोजकांना बरंच करता येतं. पण ते करत नाहीत तोवर टचलाइनवर उभा असलेला माणूसच ठरवणार ना.

पेठेतला_हाफ:
डॅलसकर भाऊ, बरोबर. आणि नुसती मेन पोरं बसवली म्हणजे गोल थांबतात असं पण नाही. २००१ ला ऑस्ट्रेलियानं अमेरिकन सामोआला ३१-० हरवलं, वर्ल्डकप क्वालिफायरची मॅच. दोन दिवस आधी टोंगाला २२ घातले होते, त्यामुळं या मॅचला काही नेहमीच्या लोकांना विश्रांती दिली होती. तरी ३१! एकट्या आर्ची थॉम्पसननं १३ मारले. ज्याला रोज चान्स मिळत नाही तो उतरला की जीव तोडूनच खेळणार, आणि खेळावंच त्यानं. म्हणून नवीन पोरांना मोकळं सोडायचं आणि जी मेन पोरं आत राहिलीत त्यांना काम द्यायचं. डाव्या पायानंच शॉट मारायचा, दोन टचच्या वर बॉल ठेवायचा नाही, गोल मारायचा तर बाजूनं क्रॉस आल्यावरच. स्टॉपरला विंगला पाठवा, विंगवाल्याला बॅकला. हे कानात सांगायचं, ओरडून नाही, समोरच्याला कळता कामा नये.

लालमाती_कोच:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं वाचून वाईट वाटलं, पास मोजायचा तो प्रकार इथं पण होतो आणि प्रेक्षकांना त्यात मजा वाटते, मी आमच्या पोरांना आणि पालकांना दोघांनाही ठणकावून सांगणार. मी असं ठरवतोय: मॅचच्या आधीच्या दिवशी प्रॅक्टिसला सगळ्यांसमोर सांगायचं की तीन गोलांची आघाडी असेल आणि समोरचे आपल्या बॉक्सपर्यंत येत नसतील तर हाफटाइमला नऊ नंबर (मेन फॉरवर्ड) आणि उजवा विंग बाहेर येणार, दहा मिनिटांनी पुढचे दोन. आधीच माहीत असलं की फॉरवर्ड तोंड पाडून बसणार नाही आणि त्याच्या वडिलांना पण आधी फोन करून सांगतो. बसलेल्या पोरांना बूट काढू द्यायचे नाहीत, ४-२ झालं तर परत उतरवता येईल म्हणून. हे चालतं ना? एकदा बाहेर काढलेला परत घेता येतो का?

पेठेतला_हाफ:
ते स्पर्धेवर हाय. फुटबॉलच्या नियमात लहान गटांसाठी बाहेर काढलेला परत आत घ्यायची मुभा ठेवलेली हाय, पण आयोजकांनी ती घेतलीय का ते नियमपत्रिकेत बघा, आणि किती बदल चालतात ते पण. लिहिलेलं नसेल तर मॅचच्या आधी दोन्ही सर आणि रेफ्री उभे असताना विचारून घ्या. परत घेता येत नसेल तर हाफटाइमला दोघांनाच काढा आणि तिसऱ्या बदलीला जरा जास्त थांबा. नऊ नंबरच्या वडिलांना फोन आजच करा, मॅचच्या सकाळी नको.

किपरची_आई:
आणि सर, तुमच्या दुसऱ्या किपरला पण उतरवा एकदा. त्याला कुणीच कधी खेळवत नाही.

लालमाती_कोच:
ताई, शनिवारी चान्स मिळाला तर नक्की. त्याला आजच सांगून ठेवतो म्हणजे ग्लोव्हज घेऊन येईल.