सगळं गेलं! : गिटने रडवलेल्यांनी इथे या

रीबेसग्रस्त
काल टीममधला नवा मुलगा पांढराफटक चेहरा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "ताई, सगळं गेलं." गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरताना एक कमिट, म्हणजे जतन केलेला एक टप्पा, मागे जायचं होतं, 'रीसेट हार्ड' मारताना चार मागे गेला. तीन दिवसांचं काम, पुश न केलेलं, म्हणजे सर्व्हरवर न चढवलेलं.

म्हटलं, आधी कीबोर्डवरून हात काढ. मग 'गिट रिफ्लॉग' टाइप करायला लावलं. हेड (आपण सध्या ज्या कमिटवर उभे आहोत ती खूण) कुठे कुठे फिरून आलं त्याची यादी समोर आली. सगळ्यात वर रीसेटची नोंद, तिच्या लगेच खाली त्याचा शेवटचा कमिट. त्याचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, उचलला, त्यावर नवी ब्रांच (कामाची वेगळी फांदी) काढली, झालं. दोन मिनिटं. रीसेटने ब्रांचची पाटी फक्त दुसऱ्या खांबावर लावली होती, कमिट जागेवरच होते.

तो उड्या मारत गेला आणि मला माझं पहिलं वर्ष आठवलं. हाच घोळ मीही केला होता. पण मी घाबरून अख्खा फोल्डर उडवला आणि 'स्वच्छ सुरुवात' म्हणून सर्व्हरवरून नव्याने क्लोन केलं, म्हणजे प्रत उतरवली. रिफ्लॉग फक्त आपल्या मशीनवरच्या त्या रेपोत (प्रकल्पाच्या गिटच्या साठ्यात) असतो, क्लोनबरोबर येत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे गिटने काही घालवलं नव्हतं, मी घालवलं. घरी सांगितलं सर्व्हर बिघडला.

तुमचेही येऊ द्या.

कंसात_अडकलेला
+१. मी 'गिट चेकआउट डॉट' वाला, म्हणजे फाइलींतले बदल पुसणारी कमांड मारलेला. कमिटच केलं नव्हतं, रिफ्लॉग काय दाखवणार, कप्पाळ? तेव्हापासून अर्धवट कामाचेही कमिट करतो. पुश करण्याआधी ते सगळे एकात दाबून टाकतो, कोणाला कळत नाही.

रात्रपाळी
@कंसात, निदान 'ॲड' केलेलं, म्हणजे कमिटसाठी निवडून ठेवलेलं, असेल तर आशा असते हं. 'गिट एफएससीके' ला लॉस्ट-फाउंड पर्याय देऊन चालवायचं, ॲड झालेला मजकूर सापडतो. फाइलचं नाव मात्र नसतं. मी एकदा शंभरेक निनावी तुकडे एकेक उघडून बघितले, हरवलेल्या मुलांच्या छावणीत आपलं कोणतं ते ओळखायचं तसं. पहाटे सापडलं.
आणि 'गिट क्लीन' ने उडवलेल्या, कधीच ॲड न केलेल्या फाइली विसरा. आधी एन लावून काय काय उडेल ते बघा, मगच एफ.

हळूच_वाचणारी
हसून हसून पुरेवाट @सर्व्हर बिघडला. आमच्याकडे पण तोच बिघडतो नेहमी

जुनं_खोड
तुम्ही सुखी आहात. आमच्या वेळी फाइल लॉक करून काम करायची पद्धत होती. एकाने मुख्य फाइल लॉक केली आणि तो पंधरा दिवस रजेवर. सगळे हात चोळत बसलो. त्याआधी तर झिप फाइली : 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरंच'.

अवांतर : लिनक्स कर्नलवाल्यांना बिटकीपर (गिटसारखंच आधीचं साधन) फुकट वापरायला मिळायचं ते बंद झालं, म्हणून २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या जनकाने, लिनस टॉरव्हाल्ड्सने, गिट लिहायला घेतलं. जुलैत जुनिओ हमानोच्या हाती सोपवून मोकळा झाला. इतक्या घाईत जन्मलेलं पोर, मग कमांडांची नावं अशी असणारच. एकटा चेकआउट ब्रांच बदलायचा आणि फाइलीही पुसायचा! स्विच आणि रिस्टोर वेगळे यायला २०१९ उजाडलं.

कंसात_अडकलेला
@जुनं_खोड म्हणजे माझी चूक नव्हतीच!! धन्यवाद काका

फोर्स_पुश_फेम
माझा गुन्हा : सहकाऱ्याचे सहा कमिट फोर्स पुशने, म्हणजे सर्व्हरवर बळजबरीने आपलं चढवून, पुसले. तो शेजारीच बसायचा. त्याच्या मशीनवर होते म्हणून वाचलो. आता 'फोर्स विथ लीज' शिवाय नाही. मध्ये कोणी काही ढकललं असेल तर ते नकार देतं. एक खाच आहे, एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत (सर्व्हरवरचं नवं उतरवून घेत) असेल तर लीज फसतं. त्याला वाटतं आपण ते बघितलंय.
मुख्य ब्रांचला कुलूप लावून घ्या, सगळ्यात उत्तम.

एन्व्हवाली
बाळ उठायच्या आत लिहिते. पासवर्ड असलेली फाइल पुश केली. घाबरून पुढच्या कमिटमध्ये काढली आणि निश्चिंत झाले!! इतिहासात ती तशीच की. पहिलं काम पासवर्ड बदलणं, इतिहास धुणं नंतर. गेला तो गेला समजायचं.
मग गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नाव टाकलं तरी फाइल बदलांमध्ये दिसतच राहिली, कारण आधीच ट्रॅक होत असलेल्या फाइलला इग्नोर लागू होत नाही. 'गिट आरएम कॅश्ड' केलं, म्हणजे फाइल ठेवून फक्त गिटच्या नोंदीतून काढली. माझी फाइल राहिली, पण बाकीच्यांनी पुल केल्यावर (नवे बदल उतरवल्यावर) त्यांच्याकडची उडाली. त्या दिवशी मी दोनदा माफी मागित

एन्व्हवाली
उठलं.

अर्धा_शहाणा
बिघाड कुठल्या कमिटने केला ते शोधणाऱ्या बायसेक्टबद्दल कोणीच लिहिलं नाही? एक चालणारा कमिट सांगा, एक बिघडलेला सांगा, तो दर वेळी मधला तपासायला काढून देतो. हजार कमिट असले तरी दहाएक तपासण्यांत गुन्हेगार सापडतो. मी मोठ्या आवेशात सगळ्यांसमोर स्क्रीनवर चालवलं. गुन्हेगार मीच. संदेश होता 'किरकोळ बदल'.

हळूच_वाचणारी
लोळतेय. माझा एक संदेश आहे 'आता तरी चाल रे बाबा'. पुढचा 'नाही चाललं'.

रात्रपाळी
किरकोळ म्हणून कधीच लिहू नये. काय बदललं ते फरकात दिसतंच, का बदललं ते लिहावं. मीही लिहीत नाही.

लेखणीबहाद्दर
मी प्रोग्रामर नाही, भाषांतर करतो. वर्डच्या फाइली गिटमध्ये ठेवल्या तर चालतील का?

जुनं_खोड
राहतील, पण दोन आवृत्त्यांतला फरक ओळीओळीने दिसणार नाही. साध्या मजकुराच्या फाइली ठेवा, आणि दर वाक्य नव्या ओळीवर. मजा येईल.

हळूच_वाचणारी
घाईत आहे, रीबेस करताना कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) आलाय. 'अवर्स' म्हणजे माझंच ना?

फोर्स_पुश_फेम
नाही!! रीबेसमध्ये उलटं. गिट आधी समोरच्या ब्रांचवर जाऊन उभं राहतं आणि तुझे कमिट एकेक करून वर ठेवतं. म्हणून अवर्स त्यांचं, देअर्स तुझं.

हळूच_वाचणारी
मी तीन फाइलींना अवर्स दिलं

रीबेसग्रस्त
रीबेस अबॉर्ट (रद्द) कर. फोल्डर उडवू नकोस.

हळूच_वाचणारी
केलं. आहे सगळं.